गैरमुल्की मासे

"आमच्यावर कर बसवा असा अर्ज घेऊन आलेला माणूस मी उभ्या नोकरीत पाहिला नाही," असं तालुक्याच्या कचेरीतले पेशकार मला म्हणाले. त्यांच्या आवाजात आदर होता की संशय, ते मला त्या वेळी नीटसं कळलं नाही. पुढं पोलिसांचे अमीनसाहेब दोन शिपाई घेऊन आले तेव्हा कळलं.

पण आधी डोहाचं सांगितलं पाहिजे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर जुना दगडी बंधारा आहे. पाहुणे तो बघायला येतात, बंधाऱ्याच्या पोटातल्या महालात उभे राहून वाहवा करतात आणि गार वारा खाऊन परत जातात. बंधाऱ्याच्या पायथ्याशी काळ्या खडकात एक खोल डोह आहे. तिकडं कुणी ढुंकून बघत नाही. आम्ही मात्र तिकडंच बघत असू. आम्ही म्हणजे मी, महारुद्र वकील. बाजारात घड्याळं दुरुस्त करणारे पाशामियाँ. आणि डोहाच्या काठाला ज्याचं रान लागून आहे तो धोंडीबा. आणखी चारदोन मंडळी जमत, पण त्यांना गळापेक्षा गप्पांत रस असल्यामुळं त्यांची नावं घेत नाही.

मी वकील होतो तो दर्जा दोयम. म्हणजे वरच्या कोर्टात जाऊन हरण्याची मला परवानगी नव्हती, जे काही हरायचं ते खालीच हरावं लागे. शिकलो हैदराबादेत, कॉलेजात, आणि तिथं तलावाच्या काठी बसून गळाचा नाद घेऊन आलो. पाशामियाँ याला शिकार म्हणत. मी चित्ताची एकाग्रता म्हणत असे, कारण आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबरा ओलांडत नाही. गळाला लागलेला मासा पाशामियाँच्या घरी जाई, त्यांच्या बेगम जैनबबी तो रांधत, आणि संध्याकाळी मला आठवण होई की आपलं घड्याळ मागं पडतंय, ते पाशामियाँकडून लावून आणलं पाहिजे. एवढं वारंवार दुरुस्त झालेलं घड्याळ साऱ्या जिल्ह्यात दुसरं नसेल. आमच्या मंडळींना, म्हणजे सत्यभामाबाईंना, यातलं काही ठाऊक नव्हतं असं मी धरून चाललो होतो.

विलायतेत लढाई सुरू झाली आणि तिकडले गळ यायचे बंद झाले. पाशामियाँ शिवणाच्या सुया तापवून गळ करू लागले. जैनबबींच्या सुया संपल्या, मग शेजारणींच्या संपल्या, गावात फाटके सदरे दिसू लागले, पण शिकार थांबली नाही. ती थांबवली वीरभद्रप्पानं.

वीरभद्रप्पा गुत्तेदार. गावच्या चिंचा, माळावरचं गवत, बाभळीच्या शेंगा, आठवडी बाजार, जे जे लिलावात निघेल त्याचा गुत्ता घ्यायचा हा त्याचा धर्म. मूळ धर्मानं तो असा कडक की अंडं नुसतं नजरेला पडलं तरी आंघोळ करी. एका साली लिलावात डोहातले मासे निघाले आणि सवयीनं त्यानं तेही घेतले. मृग नक्षत्रात बोरीला पूर येतो. खालून, भीमेच्या पात्रातून, अक्कलकोटच्या बाजूनं खडशी आणि तिच्या जातीचे मोठाले मासे अंडी घालायला पुराबरोबर वर चढतात आणि बंधाऱ्याच्या भिंतीशी येऊन अडतात. वीरभद्रप्पानं परगावचे जाळेवाले आणून डोह या काठापासून त्या काठापर्यंत जाळ्यानं बंद केला. पोटात अंडी असलेले मासे बैलगाड्या भरभरून सोलापूरला गेले. मग सबंध हिवाळा आम्ही काठावर बसलो. पाशामियाँच्या गळाला एक खेकडा लागला, तोही पोरका झाल्यासारखा दिसत होता. त्यांनी त्याला परत सोडला.

"वकीलसाब, और एक मिरग ऐसाच गया तो खलास," पाशामियाँ म्हणाले. "फिर इस डोह में सिर्फ कपडे धोना."

खरी गोष्ट होती. आणखी एक मृग असा गेला की डोह कायमचा रिकामा.

मी वेशीतल्या हॉटेलात वीरभद्रप्पाला गाठलं आणि अंडी, पिल्लं, पुढची पिढी असं सगळं समजावून सांगितलं. 'अंडी' शब्दाला त्यानं कानावर हात ठेवले.

"हे बघा री वकीलसाहेब," तो म्हणाला, "चिंचेचा गुत्ता घेतला की चिंचा झोडायच्या. झाडाला इचारत बसलो तर धंदा कसा व्हायचा?"

"चिंच पुढच्या वर्षी पुन्हा येते."

"मग मासे बी येतील की."

"मी सरकारातून बंदी आणीन."

हॉटेल हसलं. वीरभद्रप्पा मात्र हसला नाही. गळ्यातल्या लिंगाला हात लावून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुमी माझं जाळं थांबवलंत, तर मी सवता डोहावर येऊन तुमच्या गळाला गांडूळ लावीन. ह्या हातानं."

याहून भयंकर शपथ त्याला घेता येत नव्हती, आणि माझी वकिली पाहता याहून सुरक्षितही.

मग आम्ही शौकीन शिकाऱ्यांची अंजुमन काढली. अंजुमन म्हटली की सभा आली, आणि सभेला त्या दिवसांत सरकारची परवानगी लागे. परवानगीचा अर्ज केला असता तर मासे म्हातारे झाले असते. मी कायद्याचा कीस काढला आणि असा निष्कर्ष काढला की एकमेकांकडं तोंड करून बसलेली माणसं ही सभा होय; पाण्याकडं तोंड करून बसलेली माणसं हे नुसते गळवाले होत. माझ्या उभ्या वकिलीत मी लावलेला हा पहिला अर्थ, जो टिकला. आम्ही काठावर ओळीनं बसलो, पाण्याला उद्देशून भाषणं केली आणि हाताऐवजी काठ्या वर करून ठराव मंजूर केले.

ठराव असे: अमरदाद आणि शहरेवर हे दोन महिने, म्हणजे मृगापासून पुढं, डोहात जाळं नाही, सुरुंग नाही आणि आमचा गळही नाही. शिवाय प्रत्येक गळवाल्यानं सरकारातून शिकारीचा परवाना घ्यावा, त्याची फी भरावी, आणि त्या फीतून सरकारनं डोहावर राखणदार ठेवावा.

या शेवटच्या कलमाला धोंडीबाची काठी वर होईना.

"म्हंजी आपुनच आपल्यावर पट्टी बसवून घ्यायची?" तो म्हणाला. "वकीलसाब, माझ्या बापानं पट्टी चुकवण्यात सारा जलम घातला. वर गेल्यावर त्यो मला घरात घील का?"

"धोंडीबा, फुकट मागणाऱ्याचं सरकार ऐकत नाही. पैसे देतो म्हणणाऱ्याचं ऐकतं."

"मग तुमी एकटेच द्या की. आमी मागनं व्हय म्हनतो."

एवढ्यात अमीनसाहेब पोलीस काठावर उगवले. इथं कर मागणारी काहीतरी जमात जमते अशी खबर त्यांना कचेरीतून लागली होती, कारण मी अर्जाचा कच्चा मसुदा पेशकारांना आधीच दाखवून आलो होतो.

"क्या चल रहा है यहाँ?"

"आहिस्ता, अमीनसाब," पाशामियाँ मान न वळवता म्हणाले. "मछली बिचकती."

अमीनसाहेबांनी आवाज खाली आणला. शिपायांना मागं उभं केलं. थोड्या वेळानं स्वतः खडकावर बसले. मग बूट काढले. उन्हं उतरल्यावर 'काही आक्षेपार्ह आढळलं नाही' असं पुटपुटत निघून गेले. काही आढळलंच नव्हतं, मासेसुद्धा नाहीत.

घरी वेगळीच सभा भरली होती आणि तिला परवानगी लागत नव्हती. शेजारच्या मथुराबाई आमच्या ओसरीवर बसून सल्ला देत होत्या. "माझ्या दिराला असंच झालं होतं. त्यानं चिमण्यांसाठी पाणपोई घालायचं काढलं होतं. टाळूवर ब्राह्मीचं तेल थापलं, उतार पडला."

"तेल महाग झालंय," सत्यभामाबाई म्हणाल्या. एवढ्याच कारणानं मी वाचलो.

अर्ज गेला. अस्सल उर्दूत, स्टँपावर. आणि फिरू लागला. पाणी आमचं, पण त्यात जे पोहतं त्याच्याशी आमचा संबंध नाही, असं एका खात्यानं लिहिलं. आम्ही वनातल्या पशूंचं बघतो, पण पशूला पाय असावेत अशी अपेक्षा आहे, असं दुसऱ्यानं लिहिलं. तिसऱ्याचं म्हणणं, कर आम्हीच बसवतो, पण आम्ही तो आपणहून बसवतो. मागितलेला कर बसवायचा रकाना आमच्याकडं नाही. सगळीकडून फिरून कागद पेशकारांकडं परत आला आणि त्यांनी त्यावर एकच सवाल लिहून माझ्याकडं धाडला: सदरहू मासे मुल्की आहेत की गैरमुल्की?

आज हसू येईल, पण त्या काळी आमच्या हैदराबाद संस्थानात या सवालावाचून पान हलत नसे. मुल्की म्हणजे संस्थानचा मूळ रहिवासी. नोकरी हवी, दाखवा मुल्की असल्याचा दाखला. पेशकारांनी माणसांना जे विचारायचं ते माशांना विचारलं, त्यात भेदभाव नव्हता.

इथं मी माती खाल्ली. मला माझ्या उर्दूचा गर्व होता. मी दोन पानं भरून उत्तर लिहिलं की हुजूर, हे मासे जन्मानं मुल्कीच, पण राहायला परमुलखात असतात. अमरदाद महिन्यात सरहद्द ओलांडून, अक्कलकोटच्या वाटेनं, पुराच्या अंधाऱ्या पाण्यातून, कुणाच्या नजरेला न पडता, लेकुरवाळ्या लेकींसारखे माहेरी येतात आणि पिल्लांना जन्म देऊन गुपचूप परत जातात. वाचताना माझाच गळा दाटून आला.

पेशकारांचा दाटला नाही. त्यांनी 'सरहद्द ओलांडून' आणि 'कुणाच्या नजरेला न पडता' याखाली लाल रेघ मारली आणि कागद करोडगिरीच्या नाक्यावर पाठवला. करोडगिरी म्हणजे संस्थानचं जकातखातं. परमुलखातून सुईसुद्धा आत आली तर तिचा महसूल घेणारं. आणि मी तर लेखी कळवलं होतं की दर साल गाड्याच्या गाड्या माल महसूल चुकवून आत येतो.

मृगाचा पूर आला. डोहात पाणी चढलं, भिंतीच्या पायाशी मोठमोठे मासे उसळ्या मारू लागले. वीरभद्रप्पाचे जाळेवाले गाड्या घेऊन गावात उतरले. आणि त्याच दिवशी नाकेदार गफारसाहेब सायकलीवरून माझ्या दारात आले. मागं एक जवान, त्याच्या खांद्यावर तराजू.

गफारसाहेब सडपातळ, उदास आणि अतिशय प्रामाणिक गृहस्थ होते. लढाईमुळं नाक्यावरची वर्दळ आटली होती. कितीतरी महिन्यांत त्यांना जप्त करायला काही मिळालं नव्हतं, आणि त्याचा परिणाम त्यांच्या प्रकृतीवर झालेला दिसत होता.

"माल कहाँ है?"

"डोहात."

"किती आहे?"

"मोजलेला नाही."

"मागवला कुणी?"

"कुणीच नाही. आपणहून येतो."

गफारसाहेबांनी खेदानं मान हलवली. "जनाब, आपणहून आलेला माल मी आजवर पाहिला नाही. वाट तुम्हाला माहीत, महिना माहीत, अंधारात येतो हे माहीत. इतनी खबर सिर्फ साथीदार को होती है." त्यांनी माझाच अर्ज माझ्यासमोर धरला. खाली माझी सही होती, झोकदार.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की महारुद्र वकील तस्करीत सापडला. माझ्याकडं एक पक्षकार होता, तो येऊन आपले कागद घेऊन गेला. मथुराबाई म्हणाल्या, तेल तेव्हाच घातलं असतं तर ही वेळ आली नसती. मी तोंड चुकवायला हॉटेलात गेलो, तर तिथं गफारसाहेब कोपऱ्यातल्या बाकावर जबान्या लिहीत बसलेले आणि मधल्या टेबलाशी वीरभद्रप्पा जाळेवाल्यांना भजी चारत बसलेला.

"या या," तो म्हणाला. "वकीलसाहेबांना एक चहा, माझ्या नावावर. आत गेल्यावर कोण पाजणार?"

वीरभद्रप्पाचा चहा मी प्यालो. अपमानात साखर नेहमीपेक्षा जास्त होती.

"येन री, बोलत का न्हाई?" तो उठून उभा राहिला. हॉटेल भरलेलं होतं, आणि भरलेल्या हॉटेलात गप्प बसणं त्याला जमत नसे. "लई बंदी आणत होता ना? ऐका सगळे. डोहाचा गुत्ता कुणाचा? माझा. मासे कुणाचे? माझे. भिंतीशी उड्या मारतोय त्यो एकूणएक मासा ह्या वीरभद्रप्पाचा हाय. उद्या सकाळी जाळं पडणार."

दर्जा दोयमच्या वकिलालासुद्धा आयुष्यात एकदा तरी समोरच्या साक्षीदाराकडून असं वाक्य मिळतं. मी कप खाली ठेवला.

"गफारसाहेब," मी म्हणालो, "ऐकलंत? मालक सापडला."

गफारसाहेबांची लेखणी थांबली. त्यांच्या चेहऱ्यावर रक्त आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. ते अदबीनं वीरभद्रप्पापाशी आले. "तशरीफ रखिए. एकूणएक मासा आपला, असं आपण फर्मावलंत. यंदाचा महसूल भरायचा. मागच्या मृगात जो माल सोलापूरला गेला, त्याचा आत येतानाचा महसूल भरायचा, बाहेर जातानाचा भरायचा. चुकवल्याचा दंड वेगळा. लिहून घेऊ?"

वीरभद्रप्पाच्या हातातलं भजं तसंच राहिलं. "माझे कुठले? माझा माशाशी काय संबंद? मी शिवत बी न्हाई त्येला."

"अभी तो आप बोले."

"गुत्ता पाण्याचा हाय," तो घाम पुसत म्हणाला. "आत काय हाय ते मी कदी वाकून बघितलं न्हाई. मासे माझे न्हाईत. लिवून घ्या. आईच्यान न्हाईत."

लिहून घेतलं. सही झाली. गफारसाहेब माझ्याकडं वळले. "फिर मालिक कौन?"

"कुणीच नाही," मी म्हणालो. "सरहद्दीपलीकडून आलेला, महसूल न भरलेला, बेवारस माल. कायद्यानं काय करायचं असतं?"

"जप्ती," गफारसाहेब म्हणाले. तो शब्द उच्चारताना त्यांचा आवाज किंचित थरथरला. एवढी मोठी जप्ती त्यांच्या वाट्याला पूर्वी आली नसावी.

सकाळी सारा गाव डोहावर लोटला. तराजूचा उपयोग होईना, तेव्हा माल 'पाण्यात, हलता' असा पंचनाम्यात नोंदला. पंच म्हणून पाशामियाँ आणि धोंडीबा. डोहाच्या तोंडाशी दोन काठांवर दोन मेखा ठोकल्या, आडवा दोर बांधला, आणि पाशामियाँनी छत्री धरली असताना गफारसाहेबांनी दोराच्या गाठीवर लाख वितळवून सरकारी शिक्का मारला. सील मोडील त्याला कैद, अशी दवंडी दिली. जाळेवाल्यांनी दोराकडं पाहिलं, शिक्क्याकडं पाहिलं आणि गाड्या जुंपल्या.

"ह्ये मासं दोराखालनं जातील की," धोंडीबा माझ्या कानाशी म्हणाला.

"गप. मासे आत राहावेत म्हणून नाही तो दोर."

जप्त मालावर पहारा बसला. मालाचा निकाल लावा, असं गफारसाहेबांनी वर लिहिलं. वरून आलं, नमुना पाठवा. गफारसाहेबांनी कळवलं, नमुना काढायचा तर सील मोडावं लागेल, सील मोडायचा हुकूम व्हावा. हुकूम येईपर्यंत अमरदाद गेला, शहरेवर गेला, अंडी फुटली, डोहाच्या कडेचं उथळ पाणी बारीक पिल्लांनी मुंग्यांच्या वारुळासारखं वळवळू लागलं, आणि पूर ओसरताना आया भीमेकडं निघून गेल्या. गफारसाहेबांनी अत्यंत जड मनानं लिहिलं की मूळ माल परमुलखात परत गेला असून त्याच्यापासून झालेला माल इथंच जन्मल्यामुळं मुल्की आहे, सबब महसूल लागत नाही.

राहिला पहारेकऱ्याच्या पगाराचा प्रश्न. तो कुणी द्यायचा यावर खात्याखात्यांत लढाई सुरू झाली, ती विलायतेतल्या लढाईइतकीच रेंगाळली असती. पण पेशकारांना एका दप्तरात एक विचित्र अर्ज बांधून ठेवल्याचं आठवलं, ज्यात काही इसम आपण होऊन सरकारला पैसे देऊ म्हणत होते. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि दोन्हींचा निकाल लागला. दर साल अमरदादपासून डोहाला दोर आणि पहारा. पहाऱ्याचा खर्च शिकारीच्या परवान्याच्या फीतून. आमच्यावर कर बसला.

आम्ही पेढे वाटले. कर बसला म्हणून पेढे वाटणारे लोक पाहायला परगावाहून माणसं आली. धोंडीबानं पहिला परवाना घेतला आणि तो बापाच्या तसबिरीपासून लांब, दुसऱ्या भिंतीला लावला.

थंडी पडल्यावर आम्ही डोहावर बसलो. वीरभद्रप्पाची वाट पाहायची, त्याआधी गळ टाकायचा नाही, असं ठरलं होतं. गाव काठावर उभा होता. अमीनसाहेबही कुठूनतरी येऊन एका खडकाआड उभे होते. आणि वीरभद्रप्पा आला. आला याबद्दल त्याला मानलं पाहिजे. लिंगाला हात लावून बोललेला शब्द होता. धोंडीबानं डबडं पुढं केलं. वीरभद्रप्पानं डोळे मिटले, कानडीत काहीतरी पुटपुटला, दोन बोटांत गांडूळ धरलं आणि माझ्या गळाला लावलं. लावताना त्याच्या अंगावर जो काटा आला तो मला दुसऱ्या काठावरून दिसला असता.

"आता टाका बी तुमीच," धोंडीबा म्हणाला. "अर्धं काम कशापायी सोडता?"

त्यानं काठी घेतली ती बहुतेक तिथून लवकर सुटावं म्हणून. गळ पाण्यात पडला. आणि कसा कोण जाणे, काठी वाकली. वीरभद्रप्पाचे डोळे असे उघडले की लिलावातसुद्धा कधी उघडले नव्हते. पाशामियाँ मागून सांगत होते, "ढील दो, गुत्तेदार, ढील दो, अब खींचो, आहिस्ता." वीतभर मासा काठावर आला. वीरभद्रप्पानं त्याला हात लावला नाही. पण बघत राहिला, आणि मग हलक्या आवाजात धोंडीबाला विचारलं, "ते डबडं कुठं ठेवलं रे?"

मासा जैनबबींकडं गेला. मी घरी येऊन हातपाय धुतले, इकडचं तिकडं केलं आणि घड्याळ मागं पडत असल्याचं बोललो.

"जाऊन या," सत्यभामाबाई निवडण्यातून मान वर न करता म्हणाल्या. "पण या खेपेला घड्याळ तरी बरोबर न्या. नेहमी फडताळातच विसरता. आणि जैनबबींना सांगा, तिखट बेतानं घाला. मागच्या वेळी तुम्ही सकाळपर्यंत पाणी पीत होता."

घड्याळ खिशात घालून मी निघालो. जाताना वाटेत डोह दिसतो. काठावर अजून एकजण बसलेला होता. डोक्याला कोशा पटका, शेजारी गांडुळांचं डबडं. अमीनसाहेब त्याच्याजवळ जाऊन दरडावून विचारत होते की परवाना आहे का.

वीरभद्रप्पानं मान वळवली नाही.

"हळू बोला, अमीनसाहेब," तो म्हणाला. "मासे बिचकतात."